इम्प्लांटवरच्या क्राउनचा रंग: आधी खाली काय आहे ते पाहा

एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत, कापसात गुंडाळून, माझ्याच हातचा एक क्राउन, म्हणजे दाताची टोपी, सहा वर्षांनी माझ्या टेबलावर परत आला. वरच्या समोरच्या मोठ्या दाताला लागून असतो तो, लॅटरल इन्सायझर. सोबत चिठ्ठी: "क्राउन काळपट पडलाय. पेशंट नाराज आहेत. एक शेड उजळ करून नवा द्या."

मी डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करते, २२ वर्षं झाली. आपण बनवलेली वस्तू अशी परत आली की पोटात गोळा येतोच. क्राउन अल्ट्रासॉनिकमध्ये स्वच्छ केला, रजिस्टर काढलं. नोंद होती: शेड ए३, मानेशी ए३.५. शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुना-पट्ट्यांचा संच, त्यातली तीच पट्टी काढली, दोन्ही ओले केले, खिडकीशी नेऊन शेजारी धरले. फरक शोधूनही सापडेना. क्राउन सहा वर्षांपूर्वी होता तसाच होता.

मग डॉक्टरांकडून तोंडाचा फोटो मागवला. क्राउन जिथे हिरडीत शिरत होता, तिथे हिरडीतच एक निळसर करडी झाक होती, नखाच्या कडेएवढी रुंद. तिच्यामुळे दाताची मान मळल्यासारखी दिसत होती. क्राउनखाली टायटॅनियमचा अबटमेंट, म्हणजे इम्प्लांट आणि क्राउन यांना जोडणारा मधला तुकडा, होता आणि त्याच्या पुढची हिरडी सहा वर्षांत पातळ झाली होती. मी एक शेड उजळ क्राउन करून दिला असता तर ती करडी कड अजूनच उठून दिसली असती.

अशा डब्या माझ्याकडे वरचेवर येतात. म्हणून इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात दाताचं कृत्रिम मूळ, करून घेणाऱ्यांसाठी, आणि ज्यांचा क्राउन आता वेगळा दिसू लागलाय त्यांच्यासाठी, हे सविस्तर लिहिते आहे. चांगला सिरॅमिक क्राउन स्वतः फार कमी बदलतो. बदलतं ते त्याच्या खालचं आणि आजूबाजूचं, आणि ते क्राउनमधून किंवा हिरडीतून आपल्याला दिसतं. त्यामुळे रंगाचा विचार नेहमी खालून वर करायचा.

नेमकं काय बदललंय ते आधी ठरवा

"रंग बदलला" ही तक्रार चार निरनिराळ्या गोष्टींची असू शकते आणि चारींचा इलाज वेगळा. क्राउन बदलला असेल. हिरडी बदलली असेल. क्राउनमधला सिमेंटचा थर किंवा स्क्रूचं भोक बुजवलेलं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, बदललं असेल. किंवा शेजारचे खरे दात बदलले असतील. माझ्या अनुभवात ही शेवटची शक्यता लोकांच्या मनातही येत नाही. वयाबरोबर खऱ्या दाताचं इनॅमल झिजतं, आत डेंटिनचा नवा थर तयार होत जातो आणि दात पिवळसर, गडद होत जातो. सिरॅमिक म्हातारं होत नाही. दहा वर्षांपूर्वी तंतोतंत जुळलेला क्राउन आज शेजाऱ्यांपेक्षा पांढरा दिसतो, आणि माणसाला वाटतं क्राउनच फिका पडला. उलटही होतं: दात ब्लीच करून घेतले की खरे दात उजळतात, क्राउन आहे तिथेच राहतो आणि एकदम पिवळा दिसायला लागतो.

घरी तपासायची रीत सांगते. दिवसा, थेट ऊन येत नसेल अशा खिडकीशी उभे राहा. खोलीतले दिवे बंद करा, फ्लॅश बंद ठेवा. ओठ वर धरा, म्हणजे हिरडीसुद्धा दिसेल. दातांशेजारी साधा पांढरा कागद धरा, कारण फोन रंगांचा समतोल स्वतःच्या मनाने बदलतो आणि कागद असला की ती लबाडी लगेच पकडता येते. दात ओले हवेत. जिभेने ओले करा आणि लगेच फोटो काढा. तोंड उघडं ठेवून खरे दात सुकले की ते काही मिनिटांतच फिके, खडूसारखे दिसायला लागतात. सिरॅमिकला तसं होत नाही, त्यामुळे सुकल्यावर काढलेल्या फोटोत नसलेला फरक दिसतो.

असा पहिला फोटो क्राउन बसवल्यानंतर महिनाभरात काढून ठेवा आणि पुढे वर्षातून एकदा, त्याच खिडकीशी, साधारण त्याच वेळी. आठवणीतल्या रंगावर भरवसा ठेवू नका. माझे डोळे रोज शेड पाहून तयार झालेत, तरी मी आठवणीवर शेड लावत नाही.

फोटो पाहताना बदल कुठे आहे ते बघा. हिरडीच्या कडेशी करडेपणा किंवा निळसरपणा असेल तर संशय अबटमेंटवर, नाहीतर जुन्या पद्धतीच्या मेटल-सिरॅमिक क्राउनच्या कडेवर. दाढेच्या चावायच्या बाजूला मधोमध गोल डाग असेल तर ते स्क्रूचं भोक. क्राउनचा मधला भाग सगळाच सारखा करडा असेल तर खालचा धातू आरपार दिसतोय. वरवर, ठिपक्याठिपक्यांनी किंवा फटींजवळ तपकिरी असेल तर तो बहुतेक बाहेरून चढलेला थर, आणि तो निघतो. कडेला बारीक तपकिरी रेघ असेल तर सिमेंट झिजून तिथे डाग साचलाय, आणि ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

खालचा धातू

टायटॅनियम हाडाशी किती घट्ट जुळतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. तेव्हापासून आजपर्यंत बहुतेक इम्प्लांट टायटॅनियमचेच असतात, आणि तसे असण्याला सबळ कारणं आहेत. अडचण एकच, ते करडं असतं. खऱ्या दाताच्या मुळातून प्रकाश थोडा आत शिरतो, पसरतो आणि हिरडीला आतून गुलाबी उजेड देतो. टायटॅनियम तो प्रकाश अडवतं. हिरडी जाड असेल तर कळत नाही. पातळ असेल तर पातळ कापडामागे काळी वस्तू धरावी तसं होतं.

किती जाड म्हणजे जाड? डुकराच्या जबड्यावर केलेल्या प्रयोगांतून एक ढोबळ अंदाज मिळाला आहे आणि आमच्या कामात तो धरून चालतात. हिरडी ३ मिलिमीटर असेल तर खाली काय आहे ते डोळ्याला कळत नाही. २ मिलिमीटर असेल तर टायटॅनियम जाणवतं, झिर्कोनिया नावाचं पांढरं, मजबूत सिरॅमिक जाणवत नाही. त्याहून पातळ असेल तर कुठल्याही पदार्थाने थोडा फरक दिसतोच. तुमची हिरडी कुठल्या गटातली हे डॉक्टर एका मिनिटात सांगू शकतात: हिरडीच्या कडेत मोजायची सळई हलकेच घालायची आणि ती हिरडीतून आरपार दिसते का ते पाहायचं. दिसली तर हिरडी पातळ. समोरच्या दाताचा इम्प्लांट असेल तर हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा, आणि इम्प्लांट ठरवतानाच विचारा. क्राउनचं माप घेण्याच्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

हिरडी पातळ निघाली तर तीन मार्ग आहेत, आणि ते एकत्रही वापरतात.

पहिला, हिरडीच जाड करणं. टाळूच्या आतून ऊतीचा तुकडा घेऊन तो हिरडीत बसवतात. ही छोटी शस्त्रक्रिया आहे आणि माणसं तिला घाबरतात, पण समोरच्या दाताच्या रंगासाठी माझ्या मते याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. कारण खाली पदार्थ कुठलाही असो, वरचा पडदा जाड होतो.

दुसरा, झिर्कोनियाचा अबटमेंट. आता बहुतेक ठिकाणी तो हायब्रिड स्वरूपात करतात: इम्प्लांटमध्ये जाणारा खालचा छोटा भाग टायटॅनियमचा, त्याला आम्ही टाय-बेस म्हणतो, आणि हिरडीतून वर येणारा भाग झिर्कोनियाचा, लॅबमध्ये चिकटवलेला. इम्प्लांटच्या आत धातूला धातू बसतो म्हणून सांधा मजबूत राहतो आणि हिरडीमागे पांढरा पदार्थ येतो. पण टाय-बेसची धातूची मान किती उंच आहे ते बघावं लागतं. ती उंच राहिली तर करडेपणा तिथूनच डोकावतो.

तिसरा, टायटॅनियमलाच रंग देणं. त्यात रंगद्रव्य नसतं. द्रावणात बुडवून वीज दिली की धातूवरचा ऑक्साइडचा अतिपातळ थर जाड होतो आणि साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात तसा रंग उमटतो. व्होल्टेज बदललं की रंग बदलतो. साधारण ५० ते ७५ व्होल्टच्या पट्ट्यात सोनेरीपासून गुलाबीपर्यंत छटा मिळतात, द्रावणाप्रमाणे थोडाफार फरक पडतो. हिरडीमागे गुलाबी किंवा सोनेरी अबटमेंट असला की करडी झाक बरीच ऊबदार होते. काही कंपन्या टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप देतात, त्याचाही उपयोग हाच. मात्र हा थर फार पातळ असतो. साफसफाई करताना स्टीलच्या हत्याराने खरवडला तर ओरखडे पडतात आणि खालचा करडा धातू उघडा होतो.

पूर्ण झिर्कोनियाचे इम्प्लांटही मिळतात, त्यात करडेपणाचा प्रश्नच राहत नाही. पण केवळ रंगापायी तो निर्णय घेऊ नका. हाड, जागा, चावण्याचा जोर हे सगळं पाहून डॉक्टरांनी ठरवायची ती गोष्ट आहे.

क्राउन कशाचा

मेटल-सिरॅमिक, म्हणजे पीएफएम. आत धातूची टोपी, तिच्यावर धातू झाकायला अपारदर्शक थर, त्यावर पोर्सेलिन. यात खालचा अबटमेंट दिसायचा प्रश्न नाही, कारण धातू आतच आहे. पोर्सेलिनचा रंगही वर्षानुवर्षं टिकतो. बिघडते ती कड. हिरडी अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी धातूची काळी रेघ उघडी पडते. मागच्या दाढेला मी आजही हा क्राउन आनंदाने बनवते. समोर मात्र नको म्हणते.

लिथियम डायसिलिकेट. दिसायला मला सगळ्यात प्रिय असलेला, काचेच्या जातीचा सिरॅमिक पदार्थ. यंत्रावर कोरायचा ठोकळा निळसर जांभळा असतो. कोरलेला क्राउनही निळाच दिसतो. भट्टीत सुमारे ८५० अंशांवर स्फटिक तयार होतात आणि बाहेर येतो तो दातासारखा. इतक्या वर्षांनीही भट्टीचं दार उघडताना मला बरं वाटतं. याची ताकद याच्या पारदर्शकतेत आहे आणि इम्प्लांटवर नेमका तोच धोका. खऱ्या दाताच्या बुंध्यावर तो खालचा सुंदर रंग वर आणतो, टायटॅनियमवर खालचा करडा रंग वर आणतो. याचे ठोकळे पारदर्शकतेच्या वेगवेगळ्या दर्जांत येतात. इम्प्लांटवर सगळ्यात पारदर्शक दर्जा धातूच्या थेट वर वापरायचा नाही. एकतर कमी पारदर्शक दर्जा आणि भरपूर जाडी, नाहीतर खाली झिर्कोनियाचा अबटमेंट.

झिर्कोनिया. हा शब्द ऐकला की लोकांना एकच पदार्थ वाटतो, पण त्याच्या जाती आहेत. यट्रिया नावाचा पदार्थ त्यात किती मिसळलाय त्यावर सगळं अवलंबून. ३ मोल टक्के यट्रिया असलेला सगळ्यात मजबूत आणि जास्त अपारदर्शक. ५ टक्क्यांचा जास्त पारदर्शक, पण ताकद बरीच कमी. मधला ४ टक्क्यांचा. "आम्ही झिर्कोनिया वापरतो" एवढ्या उत्तराने काही कळत नाही, कुठला ते विचारा. खाली टायटॅनियमचा अबटमेंट असेल तर जुना, थोडा खडूसारखा ३ टक्क्यांचा झिर्कोनिया धातू चांगला झाकतो, आणि समोरच्या दाताला त्याच्यावर पुढच्या बाजूने पोर्सेलिनचा पातळ थर दिला की जिवंतपणा येतो.

झिर्कोनियाबद्दल दोन गोष्टी वेळेशी जोडलेल्या आहेत. ३ टक्क्यांच्या जातीत ओलाव्यात राहून राहून पृष्ठभागावरच्या काही कणांची स्फटिकरचना बदलते, टेट्रागोनलची मोनोक्लिनिक होते. यामुळे डोळ्याला दिसणारा रंग फार हलत नाही, पण पृष्ठभाग खरखरीत होऊ शकतो, आणि खरखरीत पृष्ठभागावर बाहेरचे डाग लवकर धरतात. म्हणून त्याला आरशासारखं पॉलिश हवं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: रंग पदार्थाच्या आत आहे की वरून रंगवलाय? पांढरा झिर्कोनिया कोरून त्यावर ब्रशने रंग आणि ग्लेझ लावला, तर तो सगळा रंग एका पातळ काचेच्या थरात असतो. चावताना, घासताना तो थर झिजतो. जिथे झिजला तिथे पांढरट चट्टा. क्राउन "फिका पडला" अशी खरी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. याउलट आधीच रंगवलेली, मानेकडे गडद आणि टोकाकडे फिकी अशी बहुस्तरीय चकती वापरली तर रंग आरपार असतो, ग्लेझ गेला तरी शेड जागेवर राहते. लॅबला एवढंच कळवायला सांगा: बेस शेड चकतीतूनच घ्या, वरचा रंग फक्त बारकाव्यांसाठी.

कॉम्पोझिट किंवा अॅक्रिलिकचा क्राउन तात्पुरता असतो आणि तसाच मानावा. रेझिन पाणी शोषतं, चहा-कॉफीचे रंग धरतं, आतूनही पिवळं पडतं. हिरडीला आकार यावा म्हणून काही महिने ठेवलेला तात्पुरता क्राउन काळवंडला तर घाबरू नका, आणि त्यावरून कायमच्या क्राउनचा अंदाजही बांधू नका.

ग्लिसरीनचा थेंब

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट, जी प्रत्येक इम्प्लांट क्राउनच्या वेळी करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

क्राउन तयार झाला की मी तो अबटमेंटवर कोरडाच बसवून पाहते. रंग छान दिसतो. हा छान रंग फसवा आहे. क्राउन आणि धातू यांच्या मधे हवेची बारीक पोकळी असते, प्रकाश तिथूनच उलटून परत येतो, खालपर्यंत पोचतच नाही. मग क्राउन काढते, आत ग्लिसरीनचा एक थेंब सोडते आणि पुन्हा बसवते. पोकळी भरते, प्रकाश सरळ धातूपर्यंत जातो आणि क्राउनच्या पोटातून करडा रंग वर येताना दिसतो, पाण्यात शाईचा थेंब पसरावा तसा. पातळ, पारदर्शक क्राउन असेल तर हा बदल दोन पावलांवरूनही कळतो. तोंडात सिमेंट लागल्यावर जो रंग दिसणार, तो हा.

ए२ चा एक क्राउन मी असाच कोरडा पाहून पाठवला होता, सुरुवातीच्या वर्षांत. बसवल्यावर तो सी२ दिसला. क्लासिकल शेड गाइडमध्ये १६ पट्ट्या असतात: ए लालसर तपकिरी, बी लालसर पिवळट, सी करडट, डी लालसर करडी. माझा ए थेट सी मध्ये गेला होता, करडा रंग खालून आल्यामुळे. पेशंटनी काही महिने वाट पाहिली, तो "मुरेल" म्हणून. मुरत नाही. तो क्राउन मी पुन्हा केला आणि तेव्हापासून थेंबाशिवाय एकही डबी बंद केली नाही.

डॉक्टरांकडे यासाठी ट्राय-इन पेस्ट असते. सिमेंटच्याच रंगाची, पाण्याने धुऊन जाणारी. कायमचं चिकटवण्याआधी त्या पेस्टवर क्राउन बसवून दाखवा, असं सांगायला संकोचू नका. आरसा घेऊन खिडकीपाशी जा, नंतर घरातल्यासारख्या पिवळ्या दिव्याखाली पाहा. एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात.

थेंबाने करडेपणा दाखवला तर तो सिमेंटने झाकता येतो. टाय-बेसवर चिकटवायला अपारदर्शक सिमेंट मिळतं, आणि धातूवर अपारदर्शक रेझिनचा पातळ लेपही देता येतो. पण जाडीला पर्याय नाही. सिमेंटचा थर केसाच्या जाडीएवढा, तो किती झाकणार? पातळ क्राउनखाली सगळी भिस्त सिमेंटवर ठेवली तर तोच सिमेंट वर्षांनी पिवळा पडला की तेही दिसतं. दोन नळ्यांतून मिसळून आपोआप घट्ट होणाऱ्या काही रेझिन सिमेंटांत अमाइन नावाची रसायनं असतात आणि ते सिमेंट काळानुसार पिवळसर होतात. फक्त प्रकाशाने घट्ट होणारे सिमेंट रंगाला जास्त स्थिर, पण जाड झिर्कोनियातून किंवा धातूपाशी प्रकाश पुरेसा पोचत नाही. म्हणून अपारदर्शक क्राउन असेल तर सिमेंटच्या रंगाची चिंता सोडा, पारदर्शक असेल तर अमाइनमुक्त सिमेंट मागा.

स्क्रूचं भोक

स्क्रूने बसवलेल्या क्राउनला वरून एक भोक असतं. स्क्रू कसल्यावर त्यात टेफ्लॉनची पट्टी दाबून भरतात आणि वर कॉम्पोझिट लावतात. दोन-तीन वर्षांनी तिथे करडा ठिपका दिसतो, आणि माणूस म्हणतो क्राउन किडला. क्राउन किडत नाही. एकतर कॉम्पोझिटने डाग धरलाय किंवा ते झिजून खालची सावली वर आलीय. भरताना आधी अपारदर्शक कॉम्पोझिटचा थर, मग शेडचा, आणि मिळून निदान २ मिलिमीटर जाडी ठेवली तर सावली दबते. जुनं काढून नवं भरणं हे एका बैठकीचं काम आहे, त्यासाठी क्राउन बदलू देऊ नका. सिमेंटच्या क्राउनपेक्षा मला स्क्रूचा क्राउन आवडतो तो यासाठीही: रंगाचं काही बिनसलं तर तो न तोडता निघतो, माझ्याकडे येतो, आणि बऱ्याचदा दुरुस्त होऊन परत जातो.

शेड घेताना

जुळणारा रंग मुळात नीट घेतला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. भेटीच्या सुरुवातीलाच शेड घ्यायला सांगा, दात सुकायच्या आत. त्या दिवशी भडक लिपस्टिक नको. पट्टीकडे टक लावून बघू नये, पाच-सात सेकंदांत डोळा थकतो आणि पहिला अंदाज बहुधा खरा असतो. निकाल शेड गाइडच्या पट्टीसकट काढलेल्या फोटोने लॅबला पाठवावा, नुसतं "ए२" लिहून नाही. आणि समोरचा एकटा दात असेल तर शक्य असल्यास स्वतः लॅबमध्ये जा. माणूस समोर बसला की मला दाताचा ओलावा, टोकाची निळसर कड, मधली एखादी पांढरी रेघ दिसते. ते चिठ्ठीत मावत नाही.

दात उजळवून घ्यायचे मनात असेल तर क्राउनच्या आधी घ्या आणि त्यानंतर निदान दोन आठवडे थांबा, उजळलेला रंग स्थिर होईपर्यंत.

किती फरक चालतो याचंही एक माप आहे. रंग मोजायच्या सीआयईडीई२००० पद्धतीत ०.८ एवढा फरक निम्म्या लोकांना दिसतो, आणि १.८ पर्यंतचा निम्म्या लोकांना चालतो. म्हणजे दिसणारा प्रत्येक फरक खुपतोच असं नाही. तुम्ही आरशात चार बोटांवरून पाहताय. समोरचा माणूस हातभर लांबून पाहतो.

रोजची निगा

मऊ ब्रश, बारीक कणांची पेस्ट. कोळशाची पावडर किंवा दात पांढरे करणारी खरखरीत पेस्ट क्राउनला लावू नका, ग्लेझ जातो आणि मग रोज डाग धरतो. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर देतात, ते दिलेल्या दिवसांपुरतंच वापरा. लांबवलं की तपकिरी थर चढतो, खऱ्या दातांवर आणि क्राउनवरही. पॉलिश केल्यावर तो निघतो. दवाखान्यात फ्लोराइड लावताना सांगा की तोंडात सिरॅमिक आहे. आम्लधर्मी फ्लोराइड जेल काचेच्या जातीच्या सिरॅमिकला आणि ग्लेझला खातं, चकाकी जाते. न्यूट्रल सोडियम फ्लोराइड चालतं. सफाई करताना इम्प्लांटसाठीच्या मऊ टोकाची हत्यारं वापरायला सांगा, क्राउनच्या कडेवर धातूचं अल्ट्रासॉनिक टोक नको. झिर्कोनियावर धातूचं हत्यार घासलं तर पेन्सिलीसारखी काळी रेघ उमटते. ती क्राउनची चीर वाटते, पण धातूचा नुसता ओरखडा असतो आणि पॉलिशने जातो.

आणि चाव्यात कुठे नवीन घासलं गेलं, डॉक्टरांनी क्राउन थोडा तासला, तर तासलेली जागा त्याच बैठकीत पॉलिश करून घ्या. ती तशीच राहिली तर पहिला डाग तिथेच बसतो.

एक गोष्ट फक्त नजरेत ठेवायची: हिरडी. लाल झाली, सुजली, घासताना रक्त आलं, तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. इम्प्लांटभोवती सूज राहिली तर हाड झिजतं, हाडामागे हिरडी सरकते आणि जो धातू कधी दिसायला नको होता तो दिसायला लागतो.

चिठ्ठी मागून घ्या

क्राउन बसवल्यावर एक कागद मागा आणि जपून ठेवा. इम्प्लांटची कंपनी आणि माप, अबटमेंट कशाचा, क्राउन कुठल्या जातीच्या पदार्थाचा, चकतीची किंवा ठोकळ्याची शेड, वर रंग लावलाय का, कुठलं सिमेंट, तारीख. दहा वर्षांनी डॉक्टर बदललेले असतील, लॅबही. तेव्हा नव्या टेक्निशियनला या एका कागदावरून कळतं की करडेपणा कुठून येतोय, आणि काय काढायचं व काय तसंच ठेवायचं.

त्या लॅटरल इन्सायझरच्या वेळी माझ्या रजिस्टरमध्ये हे सगळं होतं म्हणून निभावलं. मी डॉक्टरांना फोन करून पट्टीशेजारचा क्राउनचा फोटो पाठवला आणि हिरडीकडे बघायला सांगितलं. त्यांनी टाळूतून ऊती घेऊन हिरडी जाड केली, तीन महिने भरू दिली. मी टायटॅनियमचा अबटमेंट बदलून टाय-बेसवर झिर्कोनियाचा केला. नव्या क्राउनची शेड बदलली नाही. ए३ च, मानेशी ए३.५.